गॅरेजवरच्या खोलीत स्वतः बसवलेला मिनी स्प्लिट: नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं न्यू जर्सीतलं घर जुनं आहे. हीटिंग गरम पाण्याच्या पाइपांचं, त्यामुळे हवा खेळवणारे डक्ट कुठेच नाहीत. गॅरेजवरची खोली, जिथे बसून मी काम करतो, उन्हाळ्यात भट्टी व्हायची, आणि खिडकीतला एसी लावला की फोनवर समोरच्याचं ऐकू यायचं नाही. मागच्या मे महिन्यात १२,००० बीटीयूचा, म्हणजे आपल्या हिशेबात एक टनाचा, मिनी स्प्लिट (डक्ट न लागणारा, थंड आणि गरम दोन्ही करणारा एसी: एक युनिट आत भिंतीवर, एक बाहेर, मध्ये पाइप) मी आणि बाबांनी मिळून बसवला.

हे जमलं ते गॅस भरूनच आलेल्या पाइपांमुळे. एरवी तांब्याच्या पाइपांना फ्लेअर काढा, म्हणजे तोंडं पसरट करा, नायट्रोजन भरून गळती बघा, पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम करा, म्हणजे आतली जवळजवळ सगळी हवा काढा, आणि इथे गॅस हाताळायला ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, सर्टिफिकेटही लागतं. या सेटमध्ये पाइपांच्या तोंडाला सील असतं आणि नट आवळला की ते आतल्या आत फुटतं. त्यामुळे एकदा पाना लावला की शेवटपर्यंत आवळायचं, मध्येच सैल करून बघायचं नाही. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. "पहिले आटे हातानेच धर रे, नट तिरका बसला की गेला," हे त्यांनी तीनदा बजावलं. मग सांध्यांना साबणाचा फेस लावून टॉर्च धरून कितीतरी वेळ उकिडवे बसले होते. एकही बुडबुडा आला नाही.

पाइप २५ फुटांचे आले, ते कापता येत नाहीत. मला लागले जेमतेम १०. उरलेलं वेटोळं बाहेरच्या युनिटमागे आडवं ठेवलंय, चांगलं दिसत नाही. मागवण्याआधी त्याची जागा ठरवा.

२४० व्होल्टची वेगळी लाइन आणि बाहेरचा डिस्कनेक्ट (युनिटची वीज तोडायचा स्विच) लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतला, टाउनशिपचं परमिटही आधी काढलं. इथे पैसे वाचवू नका.

माझी चूक झाली ड्रेनमध्ये, म्हणजे एसीत साचणारं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत. जुलैत हवा दमट झाली आणि एका सकाळी युनिटखाली भिंतीवर पाण्याचा ओघळ दिसला, रंगाला फुगे आले होते. पाइप आणि नळीसाठी भिंतीला पाडलेल्या सव्वातीन इंची भोकाला बाहेरच्या बाजूला उतार व्यवस्थित होता. पण युनिटमागे ड्रेनची नळी तांब्याच्या पाइपांवरून गेली होती, तिथे उंचवटा झाला आणि पाणी मागे फिरलं. युनिट पुढे ओढून सगळं सोडवलं, नळी सगळ्यात खाली घेऊन पुन्हा टेप गुंडाळली. मग आतल्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओतलं आणि बाहेर धार पडताना डोळ्यांनी बघितली. हे मेमध्येच, युनिट भिंतीला लावतानाच करायला हवं होतं. गॅसची सगळे काळजी करतात, ड्रेनकडे कुणी बघत नाही.

आवाज इतका कमी की पहिल्या रात्री दोनदा उठून चालू आहे का ते बघितलं. थंडीतही खोली उबदार राहते, उणे १० सेल्सिअसलाही. मधूनच आतला पंखा काही मिनिटं थांबतो आणि बाहेर वाफ उठते, ते बाहेरच्या कॉइलवरचं दव-बर्फ वितळवणं असतं, बिघाड नव्हे. बाहेरचं युनिट दीड फुटी स्टँडवर ठेवलंय, म्हणून जानेवारीच्या बर्फात ते गाडलं गेलं नाही. फिल्टर दर तीन आठवड्यांनी नळाखाली धुतो.

बाबा एप्रिलमध्ये परत येतायत. खालच्या झोपायच्या खोलीचं भोक कुठे पाडायचं, याची खूण त्यांनी जातानाच पेन्सिलने करून ठेवली आहे.