बागेतल्या कारंज्याला वीज: एका विद्युत ठेकेदाराच्या कामाचा अभिप्राय
नाशिकच्या आमच्या घरामागे दगडी टाके बांधून त्यात छोटे कारंजे बसवले, त्याला आता दोन वर्षे झाली. पंपाची वायर कमी पडली म्हणून बसवून देणाऱ्याने तिला दुसरी वायर पिळून जोडली, जोडावर काळी टेप गुंडाळली आणि ती गवतातून आणून व्हरांड्यातल्या बोर्डाला लावून दिली. पंपाला पिना दोनच असल्याने अर्थिंगचा प्रश्नच आला नव्हता. गेल्या आषाढात टाक्यातली पाने काढताना माळीकाकांच्या हाताला झिणझिण्या आल्या आणि त्यांनी हात झटकन बाहेर ओढला. त्या दिवशी काढलेली पिन मी पुन्हा लावली नाही; शासकीय परवाना असलेल्या एका विद्युत ठेकेदाराकडून सगळी जोडणी नव्याने करून घेतली. हा अभिप्राय त्या कामाविषयी आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी कसलेही दरपत्रक पुढे न करता आधी मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या यंत्राने) जुन्या पंपाची वायर तपासली. ५०० व्होल्ट लावल्यावर इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगओहम यायला हवा, तिथे मीटर ०.१ च्याही खाली दाखवत होता. टेप उलगडली तेव्हा आतले तांबे हिरवे पडलेले होते. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) असूनही तो पडला कसा नाही, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी जे समजावले ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे. एमसीबी वायर तापून जळू नये म्हणून असतो, माणसाला वाचवण्यासाठी नव्हे. १८ वॅटचा पंप २३० व्होल्टवर जेमतेम ०.०८ अँपिअर करंट घेतो. त्याच्या निम्मा करंट जरी ओल्या हातातून अंगात शिरून अनवाणी पायांवाटे जमिनीत काही क्षण वाहत राहिला, तरी जीव जाऊ शकतो, आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सतत ताडून पाहतो व दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो.

त्यांनी बागेसाठी ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी बसवला, म्हणजे बागेत काही बिघडले तरी घरातला फ्रीज बंद पडणार नाही. तिथून १४ मीटर आर्मर्ड (धातूचे चिलखत असलेली) केबल कुंपणाच्या भिंतीलगत, जिथे कुदळ चालण्याची शक्यता कमी, दोन फूट खोल चरातून नेली. खाली-वर वाळू पसरली, त्यावर विटांचा थर दिला आणि केबलचे चिलखत दोन्ही टोकांना ग्लँड (केबल घट्ट धरणारा धातूचा जोड) लावून अर्थिंगला जोडले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे २३० व्होल्टची वीज त्यांनी पाण्यापर्यंत जाऊच दिली नाही. टाक्याच्या काठापासून अडीच मीटरवर भिंतीला आयपी ६५ दर्जाची (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न शिरू देणारी) पेटी लावून तिच्यात आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर (ज्याच्या दोन बाजू तारेने एकमेकींना जोडलेल्या नसतात असा) ठेवला आणि पाण्यात १२ व्होल्टचा पंप सोडला. त्याची वायर अखंड आहे. पाण्यात किंवा मातीत एकही जोड नाही. पेटीत शिरण्याआधी वायरला खाली लोंबता झोल दिला आहे, त्यामुळे पावसाचे पाणी वायरवरून ओघळत आले तरी पेटीत न शिरता झोलाच्या तळाशी ठिबकते. पेटीशेजारचा स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा आहे, आणि हे मला फार पटले, कारण जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले की साधे बटण बंद करूनही वायरीत वीज राहते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. फाटकावरचा दिवा त्यांनी याच आरसीसीबीवर घेतला, पण त्याचा न्यूट्रल घरातल्या जुन्या पट्टीवरच राहिला, म्हणजे गेलेला करंट या आरसीसीबीतून परतत नव्हता. त्यामुळे दिवा लावला रे लावला की आरसीसीबी पडे. ही चूक पाच मिनिटांत सुधारली, मात्र त्यासाठी माणूस यायला तीन दिवस लागले. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर लावल्याने दुपारी उन्हात आणि ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेने ती चांगलीच तापते; वर पत्र्याचा छज्जा मी सांगितल्यावर बसवला, जे त्यांना आधीच सुचायला हवे होते. चर बुजवला, पण उपटलेली हिरवळ तशीच टाकून गेले.

खर्च पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट आला. त्यातला मोठा भाग केबल आणि खोदाईचा आहे, आणि तो मला मुळीच जड वाटला नाही. जाण्यापूर्वी त्यांनी यंत्र लावून आरसीसीबी तपासला, तो २३ मिलिअँपिअरला पडला. बिलाच्या मागे तो आकडा आणि तारीख लिहून दिली. दर महिन्याला वीज चालू असताना त्याचे टेस्ट बटण दाबायला सांगितले आहे, आणि आमच्याकडे ते काम माळीकाकांनी आपणहून स्वतःकडे घेतले आहे. चर बुजवण्याआधी मोजपट्टी धरून काढलेली केबलच्या मार्गाची छायाचित्रे मात्र मागून घ्यावी लागली. ज्यांना हे काम करून घ्यायचे असेल त्यांनी ती पहिल्याच दिवशी मागून ठेवावीत, कारण माती पडल्यावर केबल कुठून गेली हे कोणालाच सांगता येत नाही.