सांगली–मुंबई स्लीपर सेवा: चालकाच्या झोपेकडे पाहून केलेले परीक्षण

गेल्या महिन्यात मुलीकडे जाण्यासाठी सांगलीहून सायनपर्यंत एका खासगी ट्रॅव्हल्सच्या वातानुकूलित स्लीपर गाडीने प्रवास केला. गाडी विश्रामबागहून रात्री साडेनऊला वेळेवर सुटली, अंथरूण स्वच्छ होते, चादरीला वास नव्हता आणि सकाळी पावणेसहाला मी सायनला उतरलो. बहुतेक प्रवासी एवढ्यावर समाधानी होतात. मी मात्र एस. टी.मध्ये २९ वर्षे चालक होतो आणि त्यांतील बराच काळ रात्रीच्या लांब पल्ल्यावर गेला, त्यामुळे बर्थवर आडवा झालो तरी माझे लक्ष स्टिअरिंगवरच्या हातांकडे जाते. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे मांडलेल्या उणिवा या मार्गावरच्या अनेक गाड्यांमध्ये मी पाहिल्या आहेत.

माझा बर्थ केबिनच्या लगेच मागे, खालचा होता आणि मधले दार उघडे असल्यामुळे समोरचा रस्ता दिसत होता. सांगली ते पुणे–बंगळूर महामार्गावरचा पेठ नाका हा साधारण ४० किलोमीटरचा टप्पा उसाच्या हंगामात रात्री चालकाची खरी परीक्षा घेतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंनी हातभर आलेला ऊस. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपले की पुढची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आष्ट्याच्या अलीकडे नेमके तसेच झाले. चालकाने समोरचा प्रकाश पडताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवली आणि ट्रॉली दिसली तेव्हा गाडी आधीच मंदावलेली होती. ब्रेकचा धक्कासुद्धा बसला नाही. मागे झोपलेल्या तीस माणसांपैकी कोणालाही हे कळले नसेल, म्हणून मुद्दाम लिहितो. पुढे महामार्गाला लागल्यावरही गाडी ८० च्या वर गेली नाही आणि कराडजवळच्या कामामुळे वळवलेल्या रस्त्यावर त्याने कोणाशी चढाओढ केली नाही.

या चालकाचा दोष एकच, आणि तो त्याचा नाही. प्रवाशांना तिकिटाबरोबर जो मोबाइल क्रमांक पाठवला जातो, तो चालकाचा आहे. पेठ नाक्यापर्यंत मी अकरा फोन मोजले. ‘गाडी कुठपर्यंत आली’, ‘आम्ही पुलाखाली उभे आहोत’, ‘पाच मिनिटे थांबा’ असे प्रवाशांचे फोन, आणि मध्येच पार्सलबद्दल विचारणारे कार्यालय. प्रत्येक फोनला एक हात आणि अर्धे लक्ष जाते. क्लीनर शेजारीच बसलेला असताना त्याचा क्रमांक का देत नाहीत, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही.

पावणेएकच्या सुमारास गाडी भुईंजजवळच्या एका हॉटेलवर थांबली. क्लीनरने उजव्या बाजूच्या डिकीचे दार वर उचलले आणि बेदाण्याच्या बॉक्सांमागून एक माणूस वाकून बाहेर आला. अंगाखाली पुठ्ठा, उशाला घडी केलेले जर्किन, शर्ट पाठीला चिकटलेला. हा आमचा दुसरा चालक. त्याने नळावर तोंड धुतले, उभ्याउभ्या चहा घेतला आणि दहा मिनिटांत स्टिअरिंगवर बसला.

गाडीवर दोन चालक ठेवले, याचे श्रेय मी कंपनीला मोकळेपणाने देतो, कारण एकाच माणसाला सांगलीपासून मुंबईपर्यंत ताणणाऱ्या गाड्याही आहेत. परंतु दुसरा चालक घेऊन त्याला डिकीत झोपवणे म्हणजे त्याची हजेरी लावणे आहे, विश्रांती देणे नव्हे. डिकीत इंजिनची धग येते, चाकांचा आवाज कानाशी असतो, हवा कोंडते आणि दार बाहेरून बंद असते. गाडीला त्या बाजूने धक्का बसला किंवा आग लागली, तर सगळ्यांच्या शेवटी सापडणारा माणूस तोच. गाडीतला एक बर्थ त्याच्यासाठी राखून ठेवला, तर एका तिकिटाचे पैसे जातात. एवढाच हिशेब आहे.

चालक बदलण्याची जागाही मला पटली नाही. भुईंजहून निघाले की थोड्याच वेळात खंबाटकीचा बोगदा येतो आणि बोगद्यानंतर सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडे उतरणारा रस्ता. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे उघडे असले तरी अंदाज आणि पायाची चपळाई परत यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. नेमक्या त्याच वेळात त्याच्या हाती उतार द्यायचा, हे चूक आहे. पहिल्या चालकाने शिरवळपर्यंत गाडी न्यावी आणि थांबा तिथे घ्यावा, एवढा बदल फुकटात होण्यासारखा आहे.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. महामार्ग चौपदरी होण्यापूर्वी, सलग चौथ्या रात्रीच्या ड्युटीत, शिरवळ ओलांडल्यावर वाहकाने मला विचारले, ‘मघाशी हात दाखवत होते त्यांना का नाही घेतलं?’ मला हात दाखवणारे कोणी आठवेना. त्याआधीचा पूलही आठवेना. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते आणि काही किलोमीटर मी गाडीत नव्हतोच. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे झोपलो. प्रवाशांनी बोल लावले, तक्रारही झाली. ती तक्रार मला आजही मान्य आहे, पण ती वीस मिनिटे घेतली नसती तर काय झाले असते, हा विचार निवृत्तीनंतरही सोडत नाही.

दुसऱ्या चालकाचे कौशल्य मात्र निर्विवाद होते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला सोडणारे आजही आहेत. मग सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि खाली पोहोचेपर्यंत पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. याने बोगद्यातच खालचा गिअर घेतला, इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी मंदावणारा एक्झॉस्ट ब्रेक लावला आणि पायाच्या ब्रेकला फक्त अधूनमधून स्पर्श केला. एवढ्या चांगल्या चालकाला पुठ्ठ्यावर झोपवतात, याचे वाईट वाटले.

हॉटेलवर पहिल्या चालकाशी बोललो. मीही याच धंद्यातला आहे हे कळल्यावर तो मोकळा झाला. सकाळी मुंबईत पोहोचल्यावर पार्सल उतरवणे, गाडी धुणे, उभी करायला जागा शोधणे यात दहा वाजतात. मग उन्हात उभ्या गाडीतच झोप, आणि रात्री परतीची फेरी. आठवड्याची सुट्टी मागितली तर फेरीचे पैसे जातात. ‘काका, आडवं व्हायला मिळालं म्हणजे झोप झाली, असंच धरायचं,’ तो म्हणाला. हॉटेलवाले चालकाला जेवण फुकट देतात, पण अर्धा तास पाठ टेकायला खाट देत नाहीत.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानुसार (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाचे काम ८ तासांचे, लांब पल्ल्यावर परवानगीने फार तर १० तासांचे होते. सलग ५ तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची मोकळीक द्यावी लागे. या गाडीवर प्रत्येक चालक पाच तासांहून कमी वेळ स्टिअरिंगवर असतो, म्हणून कागदावर सारे ठीक दिसेल. सकाळी दहानंतरची मोकळीकही कागदावर बसेल, पण उन्हात उभ्या गाडीत त्या दोघांचीही खरी विश्रांती होत नाही.

प्रवाशांच्या सुरक्षेबाबत थोडक्यात. अग्निशामक नळकांडे होते आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. काच फोडण्याची हातोडी जागेवर नव्हती. क्लीनरने ती केबिनच्या खणातून काढून दाखवली. मागच्या संकटकालीन दारापाशी जादा गाद्यांची चळत होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला आणि जुलै २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात खासगी गाड्यांना आग लागून माणसे आतच अडकून गेली, त्यानंतर तरी हे चालवून घेता येत नाही. माझ्या सांगण्यावरून क्लीनरने गाद्या लगेच हलवल्या.

चालकांच्या हाताला पाचपैकी पाच गुण देतो, कंपनीच्या व्यवस्थेला दोन. सांगलीला परतल्यावर कार्यालयात जाऊन हे सारे लेखी दिले. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतले. परवा शेजाऱ्यांनी त्याच गाडीचे तिकीट काढले, तेव्हा त्यांना आलेल्या संदेशात क्लीनरचा क्रमांक होता. डिकीबद्दल विचारायला मी पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.