‘ट्रिव्हियल’साठी किरकोळ की क्षुल्लक?

भाषांतर करताना इंग्रजी ‘ट्रिव्हियल’ (trivial) या शब्दापाशी बरेच जण अडतात. कोशात दोन्ही शब्द सापडतात, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आधी सूर पाहा. ‘किरकोळ’ फक्त आकार सांगतो: किरकोळ जखम, किरकोळ दुरुस्ती. ‘क्षुल्लक’मध्ये तुच्छता येते. ‘क्षुल्लक कारणावरून हाणामारी’ बरोबर. पण ग्राहकाला ‘तुमची तक्रार क्षुल्लक आहे’ असं कळवलंत, तर तो दुखावणारच.

दुसऱ्या अर्थांचा धोका दोन्हीकडे आहे. ‘किरकोळ विक्री’ म्हणजे सुटी विक्री, ‘किरकोळ बांधा’ म्हणजे सडपातळ. दिगंबर जैन परंपरेत ‘क्षुल्लक’ हे त्यागी श्रावकाचं आदराचं पद आहे. जैन वस्ती मोठी असलेल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांसाठी लिहिताना हे विसरू नये.

सॉफ्टवेअरमधल्या दोषाचं गांभीर्य ठरवताना ‘मायनर’ आणि ‘ट्रिव्हियल’ या वेगळ्या पायऱ्या असतात. तिथे ‘मायनर’ला किरकोळ ठेवून ‘ट्रिव्हियल’ला ‘नगण्य’ करावं.

गणितात मात्र दोन्ही फसतात. २क + ३ख = ० मध्ये क = ०, ख = ० ही ‘ट्रिव्हियल’ उकल आहे. ती बिनमहत्त्वाची नाही, उघड आहे. म्हणून ‘उघड उकल’ लिहावं.

बातमी, अहवाल, कार्यालयीन पत्र यांसाठी ‘किरकोळ’. टीकालेखात किंवा कथेतल्या रागीट पात्राच्या तोंडी ‘क्षुल्लक’.