मिशन हॉस्पिटलात परतायचंय : मुक्काम बरा की फेऱ्या?

परदेशातल्या मिशन हॉस्पिटलात काम करून परतलेल्या डॉक्टरने दोन-तीन वर्षं मायदेशी काढली की तिकडच्या हॉस्पिटलमधून निरोप येतोच, "डॉक्टर, कधी येताय?" इकडे तोवर नोकरीत बस्तान बसलेलं असतं, मुलांच्या शाळा लागलेल्या असतात. मग वाटा दोन उरतात. पुन्हा चार-पाच वर्षांसाठी बिऱ्हाड हलवायचं, नाहीतर इथली नोकरी सांभाळून वर्षाकाठी तीन-चार आठवड्यांची फेरी मारायची. यावर बोलताना देवाचं पाचारण, त्याग वगैरे शब्द फार लवकर येतात. मी आधी एक रुक्ष प्रश्न विचारते : तुम्ही जो उपचार करता तो किती दिवस चालतो?

मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांचं सोपं आहे. आज ऑपरेशन, उद्या पट्टी काढायची, नंतरचे थेंब नि तपासणी तिथली नर्स बघते. त्यांनी फेऱ्याच कराव्यात.

फिस्टुलाचं तसं नाही. बाळंतपण दिवस-दिवस अडतं, मूत्राशय आणि योनीमार्गाच्या मधे भोक पडतं आणि त्या बाईची लघवी सतत गळत राहते. भोक शिवल्यावर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, साधारण दोन आठवडे ठेवतात. रात्री ती नळी पिळवटली किंवा तुंबली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर मूत्राशय फुगतं आणि शिवण उसवते. आता तीन आठवड्यांच्या फेरीचा हिशेब मांडा. शेवटच्या आठवड्यात टेबलावर घेतलेल्या बाईची नळी काढायच्या आधी तुम्ही विमानात असता. म्हणजे खरी ऑपरेशनं पहिल्याच आठवड्यात करायची, किंवा रात्रपाळीच्या नर्सला नळी सांभाळण्यात तरबेज करायचं. वाकड्या पावलांच्या बाळांना दर आठवड्याला नवं प्लास्टर लागतं, असं पाच-सहा वेळा, आणि पुढे मूल चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना ब्रेस. टीबीच्या साध्या कोर्सलाही सहा महिने लागतात. ही कामं फेरीत बसत नाहीत.

शिकवणं तर नाहीच नाही. पॅन-आफ्रिकन अकॅडमी ऑफ ख्रिश्चन सर्जन्स ही संस्था 1996 पासून मिशन हॉस्पिटलांतच आफ्रिकी डॉक्टरांना सर्जन म्हणून घडवते. जनरल सर्जरीचं प्रशिक्षण पाच वर्षांचं. पाहुणे शिक्षक तिथे उपयोगी पडतात, पण रोज सकाळी राउंडला उभा राहणारा कुणीतरी मुक्कामी लागतोच.

मग सगळ्यांनी मुक्कामीच जावं का? थांबा. परतणाऱ्याच्या मनात जुनी खुर्ची असते. मिशनरी डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर 1913 मध्ये आजच्या गॅबनमधल्या लांबारेनेला दवाखाना काढायला गेले, महायुद्धात त्यांना 1917 मध्ये तिथून युरोपात नेऊन नजरकैदेत ठेवलं आणि परत पोहोचायला 1924 उजाडलं. दवाखाना मोडकळीला आलेला, छपरं गेलेली. सकाळी डॉक्टर आणि दुपारी बांधकामावरचा मुकादम, असे त्यांचे दिवस गेले. पत्नी हेलेन प्रकृतीमुळे पाच वर्षांच्या मुलीसह मागे राहिल्या, ही गोष्ट त्यांचे दाखले देणारे सहसा सांगत नाहीत.

आज बहुधा उलटं घडतं. दवाखाना तुमच्यावाचून व्यवस्थित चाललेला असतो. तुमच्या हाताखाली इंटर्न असलेला मुलगा आता मेडिकल सुपरिंटेंडेंट असतो आणि रजेच्या अर्जावर त्याची सही लागते. हे मनापासून चालणार असेल तरच मुक्कामाचा विचार करा. माझ्या मते बरेच जण इथेच अडखळतात, आणि दोष मात्र हवेला देतात.

ज्ञानही शिळं होतं. गंभीर मलेरियाला क्विनीनची सलाईन लावायची सवय असेल, तर मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही जागतिक आरोग्य संघटनेची पहिली पसंती 2011 पासून आर्टेसुनेटच्या इंजेक्शनला आहे. तिकडे राहून अंगात मलेरियाची थोडी सहनशक्ती आली असली तरी मायदेशात ती ओसरते. "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या जुन्या मंडळींनीही प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. पीतज्वराच्या लसीचं कार्ड मात्र शोधून ठेवा, 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. तिथल्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे का हेही बघा. नूतनीकरणाला महिने लागू शकतात, आणि फेरीवर जाणाऱ्यांनाही यातून सूट धरून चालू नका.

पैशाचं थोडक्यात : मुक्कामासाठी चर्चच्या मंडळ्यांपुढे झोळी धरावी लागते, फेरीत बहुतेकदा आपलाच खिसा रिकामा होतो. मुलं चौदा-पंधराची असतील तर मी फेऱ्यांच्या बाजूने. त्या वयात शाळा आणि मित्र तोडून नेलेलं मूल घरात बरंच काही बोलून दाखवतं, आणि न बोलणारं जास्त काळजीचं. आईवडील थकलेले असतील तरीही तेच. एक्स-रेच्या फिल्म नि रिपोर्ट मागवून घरूनच सल्ला देणं हा तिसरा पर्यायही आहे, पण तो मी या दोन्हींच्या जोडीलाच धरते.

अजून ठरत नसेल तर संचालकांना विचारू नका, ते "या" असंच म्हणणार. वॉर्डच्या सिस्टरला फोन करा आणि विचारा, मी गेल्यापासून कोणतं काम बंद पडलंय? तिने लगेच एक नाव घेतलं, तर त्या कामाला किती दिवस लागतात ते मोजा. तिला आठवावं लागलं, तर या वर्षी तीन आठवड्यांचंच तिकीट काढा.