लाईन लावायची की अख्खं पॅनल एकाच्याच हातात?
नाशिकला अंबड एमआयडीसीत आमच्या छोट्या युनिटमधे कंट्रोल पॅनल (मशीन चालवायच्या वायरिंगचे डबे) बनतात, दोन्ही पद्धती करून झाल्यात म्हणून सांगतो. लाईनमधे एकजण फक्त वायर कापतो, दुसरा फेरूल (वायरचा नंबर असलेली नळी) घालून टोकाला लग (धातूची टोपी) क्रिंप करतो म्हणजे दाबून बसवतो, तिसरा टर्मिनलला (वायर जोडायच्या स्क्रूच्या जागेला) कसतो. नवीन पोरगं दोन दिवसात तयार, आणि स्पीड तर विचारूच नका. फोर्डने १९१३ ला हेच केलं, मॉडेल टी गाडीची चासी (खालचा सांगाडा) जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासावर आला. पण कामाला वैतागून माणसं टिकेनात, १९१४ ला रोजचे ५ डॉलर जाहीर करावे लागले.

आमचा वांधा वेगळाच, क्रिंपवाला एक दिवस त्र्यंबकला गेला की पुढचे सगळे चहा पीत बसणार आणि टेस्टिंगला लग निसटला की "मी नाय, त्यानं केलं".

अख्खं पॅनल एकाकडे दिलं तर वेळ जास्त लागतो, शिकवायला महिनेच्या महिने जातात, पण ड्रॉइंग वाचता येतं त्याला, चूक झाली तर स्वतःच शोधून काढतो.

सारखे पन्नास पॅनल असतील तर लाईनच बरी. आमच्याकडं मात्र दर ऑर्डर वेगळी, त्यामुळे सध्या लाईन फक्त वायर कापण्यापुरती ठेवलीय.