ससे, केळी आणि पाच मिनिटं: रोझालिंडवरचे आठ महिने

जुलैत सुरुवात केली, आता मार्च संपत आलाय. अमळनेरकडच्या एका कॉलेजात मी बीएस्सी कॉम्प्युटरच्या पोरांना अल्गोरिदम शिकवतो. जर्नल तर पूर्ण करून घ्यावंच लागतं, पण त्याच्या जोडीला यंदा सगळ्यांना रोझालिंडवर बसवलं. २०१२ पासूनची ही फुकट साइट, नाव डीएनएची रचना उलगडण्यात मोठा वाटा असलेल्या शास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिनचं, आणि प्रश्न बहुतेक डीएनए, आरएनए, प्रोटीनचे. प्रोग्राम आपल्या मशीनवर लिहायचा, डेटा डाउनलोड करायचा आणि तिथून पाच मिनिटांच्या आत उत्तर भरायचं. चुकलं तर पुढच्या वेळी नवा डेटा. त्यामुळे शेजारच्याचं उत्तर छापून काही मिळत नाही. प्रोग्राम मात्र छापता येतो, आणि पोरं छापतात.

माझे पैसे वसूल झाले (फुकट असलं तरी) ते सशांच्या प्रश्नात. दर महिन्याला प्रत्येक मोठी जोडी ठरावीक पिल्लांच्या जोड्या देते. दिलेल्या महिन्यांनंतर (जास्तीत जास्त ४०) किती जोड्या होतील? नमुन्यात महिने ५, पिल्लांच्या जोड्या ३, उत्तर १९. सगळ्यांनी रिकर्शन (स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन) लिहिलं, १९ आलं, पोरं खूश. मग खरा डेटा उतरवला, महिने चाळिशीच्या आसपास, आणि लॅबमधली जुनी मशीनं पंखे फिरवत बसली. चाळीस महिन्यांसाठी फंक्शन स्वतःला २० कोटींहून जास्त वेळा हाक मारतं, हे मी गेली नऊ वर्षं फळ्यावर सांगतोय. या वेळी घड्याळ समोर होतं, सांगावं लागलं नाही. आधीची दोन उत्तरं साठवून ठेवणारा लूप एका पोरीने स्वतःहून लिहिला, आणि डायनॅमिक प्रोग्रामिंग हा शब्द मी त्यानंतर उच्चारला.

दुसरी गंमत तुकडा शोधण्याच्या प्रश्नात. ‘एटीएटीएटी’मध्ये ‘एटीएटी’ किती वेळा? पायथॉनचं काउंट म्हणतं एकदा. खरं उत्तर दोनदा, कारण दुसरा तुकडा पहिल्याच्या अंगावर चढलेला आहे. ‘सर, बठ्ठं बरोबर शे, तरी चुकनं काब्र म्हनस?’ (सगळं बरोबर आहे, तरी चुकलं का म्हणतं?) हा प्रश्न त्या आठवड्यात मी रोज ऐकला. साइट फक्त बरोबर की चूक एवढंच सांगते, कुठे चुकलं ते नाही. माझी मुख्य तक्रार हीच. शेजारी मास्तर नसेल तर नवखं पोर तिथेच सोडून देतं.

रावेरच्या एका पोराच्या घरी केळी आहे. सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅकने रोपं उपटावी लागतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या विषाणूचा जीनोम आरएनएच्या तीन तुकड्यांत असतो. त्यातला सगळ्यात छोटा, साधारण २,२०० अक्षरांचा तुकडा एनसीबीआय या जीनोमच्या सार्वजनिक डेटाबेसवरून उतरवला. त्याची नक्कल केली, सुरुवातीचं एक अक्षर गाळलं, लांबी सारखी राहावी म्हणून शेवटी एक जोडलं. हॅमिंग अंतर (त्याच जागेवरची किती अक्षरं वेगळी) काढलं तर जवळपास तीन चतुर्थांश अक्षरं वेगळी! एडिट अंतर (अक्षरं गाळून, घालून, बदलून एकाचं दुसरं करायला किती बदल लागतात) काढलं तर २. त्यासाठी लागणाऱ्या २,२०० गुणिले २,२०० तक्त्याची जवळपास ४८ लाख घरं भरायला मशीनला थोडा वेळ लागला, पण तो तक्ता का भरायचा हे कोणी विचारलं नाही.

बाकी त्रास आपल्याकडचे. प्रश्न इंग्रजीत, त्यात जीवशास्त्र. बारावीला बायो सोडलेल्यांना कोडॉन (एका अमिनो आम्लाची खूण असलेली तीन अक्षरं) आणि इंट्रॉन (प्रोटीन बनण्याआधी कापला जाणारा तुकडा) मराठीत समजावताना माझीच उजळणी झाली. मोबाइलवर चालवू पाहणाऱ्यांची फाइलीपाशीच दमछाक होते. आणि पाच मिनिटांचं घड्याळ लाइट गेली म्हणून थांबत नाही. एकदा अख्ख्या बॅचचा डेटा असाच वाया गेला. तेव्हापासून मी यूपीएसच्या दोनच मशीनवरून आळीपाळीने उतरवून घेतो.

ग्राफ आणि वंशवृक्षांच्या प्रश्नांपर्यंत चारच पोरं पोचली. पुढच्या वर्षी अक्षरं मोजायचे पहिले काही प्रश्न घरी करायला देणार आणि लॅबची सुरुवात थेट सशांपासून करणार.