काळी ताडपत्री, आठ महिने आणि लव्हाळा

तीन वर्षं कुणी ढुंकून न पाहिलेला भाजीचा वाफा, 20 फूट बाय 10 फूट. गवत गुडघ्यापर्यंत. गाजरगवत फुलावर यायच्या आत हातमोजे घालून उपटलं, तो विषय तिथेच संपला. खरी झुंज हरळीशी आणि लव्हाळ्याशी होती. ती काळ्या ताडपत्रीच्या भरवशावर लढलो, म्हणून हा अनुभव मुख्यतः तिचा.

त्याआधीचा एक मूर्खपणा सांगून टाकतो. सुरुवातीला घरात पडून होती म्हणून पातळ निळी ताडपत्री टाकली. तीन आठवड्यांनी उचलली तर खाली गवत मजेत वाढलेलं! तिच्यातून उजेड आत जातो, वर ऊब आणि ओलही मिळते. मी तणाची रोपवाटिकाच काढली होती. ताडपत्री घेताना उन्हाकडे धरून बघा. पलीकडचं ऊन जाणवलं तर ती या कामाची नाही.

मग जाड काळी आणली. गवत जमिनीलगत कापलं, वाफा भरपूर भिजवला आणि मग झाकलं. भिजवायचं कारण असं की ओलीत तणाचं बी रुजतं आणि अंधारात मरतं. कोरड्या मातीत ते नुसतं वाट बघत पडून राहतं. कडा मातीत गाडल्या. एक बाजू मात्र आळसाने नुसत्या विटांवर भागवली.

चार महिने झाकून ठेवलं. हरळीच्या बाबतीत ताडपत्रीला पैकीच्या पैकी गुण. तिला सावलीच सोसत नाही, इथे तर मिट्ट अंधार. काढलं तेव्हा वरच्या वेली वाळून तपकिरी झालेल्या, आणि माती इतकी भुसभुशीत की काशा (हरळीची मातीखालची आडवी खोडं) कुदळीशिवाय, हातानेच ओढून निघत होत्या. दोन दिवस बसून काशा वेचल्या. रोटाव्हेटर (माती कापून बारीक करणारं यंत्र) फिरवायचा सल्ला मिळाला होता, तो ऐकला नाही हे बरं झालं. काशीचे जितके तुकडे, तितकी नवी हरळी. विटांच्या बाजूने मात्र बाहेरची हरळी हातभर आत शिरली होती, आणि त्याच फटीत गोगलगायींनी संसार थाटला होता.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. तो मुळात गवतच नाही. दांडा बोटांत फिरवा, तीन धारा लागतात. ताडपत्रीखाली त्याचे पांढरेफटक कोंब आडवे पसरले होते. बघून वाटलं, संपला. झाकण काढून दहा दिवस झाले नाहीत तोच वाफा हिरवा! खाली गाठींची माळ असते. वरची गाठ तुटली की खालची झोपलेली जागी होते. खुरप्याने वरवर खुरपणं म्हणजे त्याला हाक मारून उठवणं.

पुढे मिरची लावताना पातळ काळा मल्चिंग पेपर (नावाला पेपर, असतं प्लास्टिकच) मातीवर अंथरला, तर पंधरा दिवसांत त्याची चाळण झाली. उजेड दिसेपर्यंत लव्हाळ्याचा कोंब टाचणीसारखा टोकदार राहतो, पानं उघडतच नाही, त्यामुळे पातळ काळ्या प्लास्टिकमधून सरळ आरपार येतो. पारदर्शक प्लास्टिकखाली त्याला उजेड लवकर दिसतो, पानं तिथेच उघडतात आणि कडक उन्हात प्लास्टिकखाली होरपळतात. हे कळल्यावर तापत्या उन्हात अर्धा वाफा भिजवून, पारदर्शक प्लास्टिक मातीला घट्ट चिकटवून पाच आठवडे ठेवला. बियांपासून येणारं बारीकसारीक तण त्या अर्ध्यात जवळजवळ उगवलंच नाही. लव्हाळा कमी झाला. खोलवरच्या गाठींना उन्हाची झळ पोचली नाही.

शेवटी कामाला आली ती चिकाटी आणि हातकुदळ. कोंबाला चार-पाच पानं यायच्या आत कुदळ खोल घालून गाठीसकट उचलायचा. उशीर केला की तो खाली नव्या गाठी धरायला लागतो. निघालेल्या गाठी कंपोस्टात टाकायच्या नाहीत, फरशीवर उन्हात खडखडीत वाळवायच्या. गाठ फोडली की औषधी वास येतो, तेवढंच समाधान.

ताडपत्रीला पाचपैकी साडेतीन. हरळीचं रान असेल तर डोळे मिटून घ्या. नुसता लव्हाळाच असेल तर तिच्यावर खर्च करू नका. आठ महिन्यांनंतर तीन चतुर्थांश वाफ्यात मिरची आणि वांगी नीट उभी आहेत. विटांच्या बाजूला रोज सकाळी तीन-चार कोंब निघतात. मध्ये आठवडाभर बाहेर होतो; परतल्यावर मोजले, एकोणतीस.